तुमच्या आत्मशुद्धीसाठी आमची वस्ती नाही

परदेशातल्या आठ-दहा दिवसांच्या 'मिशन ट्रिप'वरून परतलेल्या माणसांची मनोगतं तुम्ही कधी वाचली आहेत का? अमेरिकेतल्या चर्चमधून दरवर्षी सुमारे १६ लाख माणसं अशा दौऱ्यांवर परदेशी जातात, असा समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांचा अंदाज आहे. कुणी होंडुरासला जाऊन घर बांधतं, कुणी हैतीत मुलांना गाणी शिकवतं, कुणी शाळेची भिंत रंगवतं. परतल्यावरचं मनोगत मात्र एकाच साच्यातलं असतं. आम्ही द्यायला गेलो होतो, पण आम्हालाच खूप मिळालं. त्या लोकांकडे काही नाही, तरी ते किती आनंदी आहेत! या प्रवासाने मी बदललो.

मित्रांनो, शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. बदलला कोण? गेलेला माणूस. मग ज्याच्या दारात तो गेला, त्याचं काय बदललं?

याचं उत्तर एका ख्रिस्ती समाजशास्त्रज्ञानेच शोधलं आहे. १९९८ मध्ये 'मिच' चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केला. त्यानंतर घरं बांधायला उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट आले आणि स्थानिक संस्थांनीही घरं बांधली. होंडुरासमध्येच राहणाऱ्या कर्ट व्हर बीक यांनी दोन्हींची तुलना केली. स्थानिक संस्थेचं घर सुमारे २,००० डॉलरमध्ये उभं राहत होतं. परदेशी गटाचा विमानप्रवास, राहणं-खाणं धरून खर्च सुमारे ३०,००० डॉलर. म्हणजे पंधरा घरांच्या पैशात एक घर! घर कुणी बांधलं यावरून त्या कुटुंबांच्या आयुष्यात फरक पडल्याचंही दिसलं नाही. आणि 'मी बदललो' म्हणणाऱ्यांच्या नंतरच्या देणग्या तपासल्या, तर त्यातही फारशी वाढ नव्हती.

हा झाला पैशाचा हिशेब. अधिकाराचा हिशेब याहून गंभीर आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस दहा अमेरिकन बाप्टिस्ट ३३ मुलांना बसमध्ये घालून डॉमिनिकन रिपब्लिककडे निघाले होते. आवश्यक कागदपत्रं नव्हती, म्हणून त्यांना सीमेवर अटक झाली. अनाथ म्हणून नेल्या जाणाऱ्या या मुलांपैकी अनेकांचे आईबाप जिवंत होते. या मंडळींचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. आपला हेतू चांगला आहे एवढ्या खात्रीवर दुसऱ्याच्या मुलांचं भविष्य परस्पर ठरवता येतं, हा जो समज आहे, तो मला भयंकर वाटतो. इव्हान इलिच हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू. मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी १९६८ मध्येच तोंडावर सांगितलं होतं की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका.

आता इथे काही मंडळी टाळ्या वाजवतील. त्यांनी हात खाली घ्यावेत. धर्मांतराच्या नावाने गळे काढणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही. आम्ही १९५६ च्या धर्मांतराची लेकरं आहोत. आपला धर्म निवडणं हा माणसाचा हक्क आहे आणि संविधानाचं कलम २५ त्याच्या पाठीशी उभं आहे. शिवाय मिशनऱ्यांचं ऋण नाकारण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. सिंथिया फरार १८२७ मध्ये अमेरिकेहून निघाल्या आणि १८६२ मध्ये अहमदनगरलाच वारल्या. त्यांच्या नगरच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुल्यांना प्रेरणा दिली, सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. पस्तीस वर्षं एका मुलखात राहणं आणि तिथल्याच मातीत जाणं वेगळं; परतीचं तिकीट खिशात ठेवून येणं वेगळं.

माझा आक्षेप सेवेच्या एका विशिष्ट रूपावर आहे. देणाऱ्याच्या आत्मशुद्धीसाठी घेणारा साधन म्हणून वापरला जातो, त्या सेवेवर. आणि हे रूप आपण परदेशात शोधायची गरज नाही. पुणे करारानंतर, १९३२ मध्ये, जी संस्था पुढे हरिजन सेवक संघ झाली ती स्थापन झाली. बाबासाहेबांचं म्हणणं होतं की अस्पृश्यांसाठीच्या कामात कार्यकर्ते अस्पृश्यांमधूनच घ्या. पुढे कारभारात अस्पृश्यांना स्थान का नाही असा प्रश्न आला, तेव्हा गांधीजींची भूमिका अशी होती की अस्पृश्यता हे सवर्णांचं पाप आहे आणि हे त्यांचं प्रायश्चित्त आहे, म्हणून संस्था त्यांनीच चालवायची. १९४५ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी या भूमिकेचा समाचार घेतला. पाप तुमचं, प्रायश्चित्त तुमचं, मोक्षही तुमचाच. आम्ही कशाला आहोत? तुमच्या प्रायश्चित्ताचं सामान म्हणून?

बोट दुसऱ्याकडे दाखवताना स्वतःकडे वळलेली बोटंही मोजते. कॉलेजात असताना मीही सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिराला गेले होते. आम्ही रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला. फोटो काढले, समारोपाला रडलो, 'गावाने आम्हाला खूप दिलं' असं भाषणही मीच ठोकलं. निघताना बौद्धवाड्यातली एक आजी म्हणाली, "पोरी, बंधाऱ्याचं पाणी त्यांच्या हिरीला जाईल. आम्हाला मसणवट्याची वाट पाहिजे होती. पावसाळ्यात मढं चिखलातून न्यावं लागतं." जागा कुणी दाखवली होती? गावच्या पुढाऱ्यांनी. बौद्धवाड्यात विचारायला कुणी गेलं होतं? कुणीच नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर त्यांच्यातलीच! बाहेरून आलेला घाईचा सेवक गावातल्या बलवानालाच आधी भेटतो, आणि त्याची सेवा जातीच्या उताराने वाहत जाते. हे मला समाजशास्त्राच्या पुस्तकाआधी त्या आजीने शिकवलं.

बुद्धानेही भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी चारिकेला पाठवलं होतं. पण ते हातात भिक्षापात्र घेऊन गेले. रोजचं अन्न गाव देईल तेव्हा मिळणार. देणारं गाव, घेणारा भिक्खू. ज्याला शिकवायचं त्याच्याच दारात हात पसरायचा, म्हणजे वरून बोलण्याची सोयच उरत नाही. आजच्या सेवेच्या सहलींत नेमकं हेच उलटं झालेलं आहे.

म्हणून होंडुरासला निघालेल्याला आणि १४ एप्रिलला वस्तीत वह्या वाटून सेल्फी टाकणाऱ्या आपल्या शहरी, शिकलेल्या भावाबहिणींनाही माझे तेच तीन प्रश्न आहेत. काम काय करायचं हे कुणी ठरवलं? पैसा कुणाच्या हातात आहे? तुम्ही निघून गेल्यावर जाब कुणाला विचारायचा? तिन्ही उत्तरं वस्तीबाहेरची असतील, तर तुमच्या तिकिटाचे पैसे वस्तीतल्या संघटनेला द्या आणि घरी बसा. तेवढं जमत नसेल तर या, पण राहायला या. आणि आल्यावर आधी त्या आजीला विचारा.

जय भीम!