चार रात्री राहूनही भरती नाहीच

न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलच्या केस मॅनेजर बाईंस,



तुम्हाला मराठी येत नाही, तेव्हा हे पत्र तुम्ही वाचणार नाही. इंग्रजीत पाठवलेल्या पत्राला तुमच्या ऑफिसकडून छापील उत्तर आलं, त्यात बाबांचं नावसुद्धा धड नव्हतं. म्हणून आता चार मराठी माणसांसमोर बोलते.

बाबा 84 वर्षांचे. बाथरूममध्ये पडले आणि कमरेखालच्या हाडाला तडा गेला. ऑपरेशनची गरज नव्हती, पण पाऊल टाकता येईना. तुमच्याकडे ते चार रात्री होते. शेजारच्या पेशंटसारखाच पलंग, तसंच सलाइन, पडण्याचा धोका असलेल्यांना देतात तो मनगटावरचा पिवळा पट्टा आणि पायात पिवळे मोजे. निघायच्या दिवशी सकाळी तुम्ही नर्सिंग होमांची यादी हातात ठेवलीत आणि दुपारपर्यंत नावं सांगा म्हणालात. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून एकेक फोन लावत सुटले. एका ठिकाणी जागा मिळाली. तिथल्या अ‍ॅडमिशनच्या बाईंनी सहज विचारलं, "पैसे तुम्हीच भरणार ना? मेडिकेअर देणार नाही."

ही गोष्ट मला तिच्याकडून कळावी?

सलग तीन दिवस 'इनपेशंट', म्हणजे रीतसर भरती झालेला पेशंट, म्हणून काढले, तरच मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, पुढच्या स्किल्ड नर्सिंगचा खर्च उचलतं. पहिले 20 दिवस पूर्ण, आणि त्यानंतर 100 व्या दिवसापर्यंत रोजचा वाटा आपला. 2025 मध्ये तो 209.50 डॉलर होता. बाबा चारही रात्री 'ऑब्झर्वेशन'वर, म्हणजे कागदोपत्री बाह्यरुग्ण. त्यामुळे त्यांना पहिले 20 दिवससुद्धा नाहीत. 2013 पासूनचा नियम सांगतो, की दोन मध्यरात्री उलटतील इतके उपचार लागतील असं डॉक्टरांना वाटलं, तर पेशंटला भरती करावं. बाबांच्या चार उलटल्या. भरती केलं आणि पुढे ऑडिटमध्ये ते नाकारलं गेलं तर पैसे हॉस्पिटलचे बुडतात, हे मला समजतं. पण तुमची ती भीती आमच्या माथी का?

"नोटिशीवर सही आहे," असं तुम्ही म्हणालात. आहे ना. ऑब्झर्वेशन 24 तासांवर गेलं, की पेशंट ऑब्झर्वेशनवर आहे हे सांगणारी ती नोटीस सुरुवातीपासून 36 तासांच्या आत द्यावी लागते, तोंडी समजावूनही सांगावी लागते. तुम्ही ती दुखण्याच्या गोळ्यांनी गुंगीत असलेल्या माणसापुढे धरलीत, मी खाली चहा आणायला गेले होते तेवढ्यात. माझा नंबर फाइलवर होता. मी ती सही पाहिली आहे. रेघ सोडून खाली घसरत गेलेली. पुढे बाबांनी मला विचारलं, "मी भलत्याच कागदावर सही केली का गं?" आयुष्यभर ज्यांच्या पगारातून मेडिकेअरचा कर कापला गेला, त्यांनी हे अपराध्यासारखं विचारावं! बिलापेक्षा मला हे जास्त लागलं.

नर्सिंग होमचा रोजचा दर कानावर गेल्यावर बाबा तिथे राहायला तयार होईनात. जिना चढता येत नसताना त्यांना घरी आणावं लागलं. आता ते खालच्या हॉलमध्ये झोपतात.

अपील करायचं म्हटलं, तर 2025 पासून मिळालेला अपिलाचा हक्क आधी इनपेशंट करून मग ऑब्झर्वेशनवर टाकलेल्यांसाठी आहे. बाबांना तुम्ही मुळात भरतीच केलं नव्हतं, तेव्हा तेही दार बंद. आणि हा तीन दिवसांचा नियम काही ब्रह्मवाक्य नव्हे. कोविडच्या काळात, 2020 पासून मे 2023 पर्यंत, सरकारने तो गुंडाळूनच ठेवला होता.

तुम्ही वाईट वागलात असं मी म्हणत नाही. हसून बोललात, बाबांची उशीही नीट केलीत. बाबा ऑब्झर्वेशनवर आहेत, एवढं एक वाक्य मात्र पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

आणि इथल्या मराठी मंडळींनो, आई-वडील हॉस्पिटलात गेले तर पहिल्याच दिवशी विचारा: इनपेशंट की ऑब्झर्वेशन? उत्तर ऑब्झर्वेशन आलं, तर तिथेच डॉक्टरांना गाठा आणि भरतीची ऑर्डर मागा. त्या ऑर्डरीपासूनच तीन दिवस मोजले जातात, आणि घरी सोडल्यावर ती मागच्या तारखेने मिळत नाही.