अर्ध्या तासाचा डाव

जेवणाची पाने मांडून झाली आहेत, आई दोनदा हाक मारून गेली आहे आणि चिरंजीव मोबाईलवरची नजर न काढता 'पाचच मिनिटे' एवढेच पुटपुटत आहेत, हे दृश्य पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्याही घराला अपरिचित राहिलेले नाही. वडीलधारी मंडळी याला उद्धटपणा म्हणतात. क्वचित तो असेलही. परंतु चिरंजीव ज्या खेळात गुंतले आहेत त्याची घडण समजून घेतली, तर त्या पाच मिनिटांत उद्धटपणापेक्षा नाइलाजाचा भाग अधिक असल्याचे आढळून येईल.

२०१८ मध्ये 'पबजी मोबाईल' म्हणून आलेला आणि २०२१ च्या जुलैत 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' असे नवे नाव धारण करून परतलेला हा खेळ वस्तुतः एक खेळ नव्हे. त्याच्या पोटात अनेक खेळ आहेत. त्यांतील 'क्लासिक' हा मूळ प्रकार. शंभर खेळाडू विमानातून एरँगल नामक काल्पनिक बेटावर उतरतात. बेट आठ किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद. तेथे हत्यारे हुडकावयाची, हळूहळू आवळत येणाऱ्या वर्तुळाच्या आत राहावयाचे आणि अखेरपर्यंत तग धरावयाचा. डाव शेवटास जावयाला सुमारे अर्धा तास लागतो. याउलट 'टीम डेथमॅच'मध्ये चौघांविरुद्ध चौघे भिडतात, पडलेला गडी क्षणार्धात पुन्हा उभा राहतो आणि चाळीस बळी आधी टिपणारा पक्ष जिंकतो. दहा मिनिटांच्या आत सारा निकाल. या दोहोंच्या मधला म्हणून २०२० मध्ये लिविक हे दोन किलोमीटरचे छोटे बेट आणले गेले. तेथे बावन्न खेळाडू आणि पंधराएक मिनिटांचा डाव.

बसगाडीची वाट पाहताना किंवा कॉलेजच्या दोन तासांच्या मधल्या सुटीत मुले आखूड डाव खेळतात. कित्येकांना तो मोठ्या डावापूर्वी हात साफ करण्यापुरताच हवा असतो. रात्री मात्र चौकडी जमते ती क्लासिकसाठी. मडगावचा एक, म्हापशाचा दुसरा, शिक्षणासाठी पुण्याला गेलेला तिसरा. कानाला यंत्र लावून गप्पा चाललेल्या. आमच्या पिढीने पारावर आणि तिंठ्यावर जे केले तेच हे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. फरक एवढाच की पारावरून केव्हाही उठता येत असे. येथे डाव थांबविता येत नाही. जखमी सोबत्याला उठविण्यासाठी कोणीतरी धावावे लागते. मध्येच निघून गेलेला गडी तिघांना तोंडघशी पाडतो. वर गुणांची शिडी आहेच. अधिक काळ टिकणाऱ्यास अधिक गुण, ब्राँझपासून काँकररपर्यंत चढत्या पदव्या, आणि हंगाम बदलला की कमावलेली पदवी खाली घसरते. पुन्हा चढण्यास प्रारंभ! ही सवय मुलांनी लावून घेतली त्याहून अधिक ती रचनाकारांनी लावली आहे.

शासनाने या प्रश्नाकडे कसे पाहिले? २०१९ च्या फेब्रुवारीत माहिती तंत्रज्ञान मंत्री या नात्याने रोहन खंवटे यांनी हा खेळ म्हणजे घराघरांत शिरलेला राक्षस असल्याचे सांगून कायद्याची भाषा केली. मार्चमध्ये गुजरातेत राजकोट पोलिसांनी मनाई हुकूम काढून खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यांत हा खेळ होता. तथापि त्यामागील कारण देशाच्या सुरक्षेचे होते, मुलांच्या अभ्यासाचे नव्हते. जुलै २०२२ मध्ये नवा अवतारही अदृश्य झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्या वेळी अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाला तीन तास व इतरांस सहा तास अशी मर्यादा जाहीर झाली. सहा तासांस मर्यादा म्हणण्याचे धारिष्ट्य कौतुकास्पदच म्हटले पाहिजे!

आमचा आक्षेप मात्र आकड्यापुरता नाही. तासांच्या मापाने सर्व प्रकार एकाच तराजूत टाकले जातात. तीन तासांत अठरा आखूड डाव होतील किंवा सहा लांब. पण घरातील भांडण पेटते ते मधोमध तुटणाऱ्या लांब डावावरून. रात्री दहानंतर अल्पवयीन मुलास क्लासिकचा नवा डाव सुरूच करू न देणे कंपनीस अशक्य आहे काय? वय आणि घड्याळ या दोन्ही गोष्टी यंत्रास ठाऊक असतात. कायदे करणारांनी कंपनीपाशी हा प्रश्न अद्याप लावून धरलेला आम्हांस दिसला नाही.

तोपर्यंत पालकांपुरती एक सूचना. 'बंद कर' असा हुकूम सोडण्यापूर्वी हा डाव एरँगलचा की लिविकचा, आणि किती गडी उरले आहेत, एवढे विचारून पाहावे. उत्तर मिळेल, आणि त्यावरून भात केव्हा वाढावयाचा हेही ठरविता येईल.