विश्लेषण : जिनला लिंबाची फोड, मोहाला पोलिसांची धाड, हा भेद किती दिवस?

मार्च-एप्रिलमध्ये मूल, सावली, सिंदेवाही या पट्ट्यात पहाटेच्या अंधारातच लोक टोपल्या घेऊन मोहाच्या झाडाखाली पोहोचतात. रात्रभर गळालेली फुले उन्हं चढण्याआधी वेचायची, अंगणात वाळवायची आणि विकायची. इथपर्यंत सारे कायदेशीर. पण तीच फुले भिजवून त्यांची दारू गाळली की तो गुन्हा ठरतो. दुसरीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदी उठल्यापासून परवानाधारक दुकानातून जिनची बाटली उजळ माथ्याने विकत घेता येते. उन्हाळा लागला की काकडी, पुदिना आणि बर्फाने भरलेल्या जिनच्या ग्लासांचे रील मोबाइलवर फिरू लागतात. ही जिन नेमकी काय असते, ती कशी प्यायली जाते, एकेकाळी बदनाम असलेली ही दारू प्रतिष्ठित कशी झाली आणि मोहाला तोच रस्ता का मिळू नये, याचा हा आढावा.

जिन म्हणजे नेमके काय?

जिनचा पाया म्हणजे जवळपास बेचव, बेवास मद्यार्क. तो धान्यापासून किंवा उसाच्या मळीपासून कारखान्यात तयार होतो. या मद्यार्कात ज्युनिपर नावाच्या झुडपाची फळे, धणे, लिंबूवर्गीय फळांच्या साली, वेलची, दालचिनी असे पदार्थ घालून तो पुन्हा ऊर्ध्वपातित केला जातो. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. त्याच्या वाफेबरोबर या पदार्थांतील सुगंधी तेले वर जातात आणि थंड होऊन बाटलीत उतरतात. जिनमध्ये ज्युनिपरचा स्वाद ठळक असावा लागतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार तिच्यात किमान ३७.५ टक्के मद्यार्क हवा. भारतात बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के असे छापलेले दिसते.

थोडक्यात, जिनची ओळख तिच्या दारूत नाही, तर वरून घातलेल्या मसाल्यांत आहे. आयुर्वेदात ज्युनिपरला ‘हपुषा’ म्हणतात. ते आपल्याकडे हिमालयात उगवते, विदर्भात नाही.

कोणती जिन निवडावी?

भारतात जिनची नवी लाट आली ती गोव्यातून. २०१७ मध्ये ‘ग्रेटर दॅन’ आली आणि पाठोपाठ त्याच कंपनीची ‘हपुसा’. २०१८ मध्ये ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ बाजारात उतरली. माझी पसंती विचाराल तर टॉनिकबरोबर ‘ग्रेटर दॅन’ घ्यावी. तिची चव सरळ, कोरडी आणि ज्युनिपरची आहे. ‘हपुसा’त हिमालयातील ज्युनिपर वापरले जाते, तिला मातीचा आणि हळदीचा हलका वास आहे. ती नुसत्या बर्फावर किंवा साध्या सोड्यात खुलते, गोड पेयात तिचे वेगळेपण हरवते. ‘स्ट्रेंजर अँड सन्स’मध्ये लिंबूवर्गीय साली आणि गरम मसाल्याचा स्वाद पुढे असतो, म्हणून तिच्यात आणखी लिंबू पिळण्याची घाई करू नये.

महागडी बाटली म्हणजे चांगली जिन, असे समीकरण मात्र नाही. लेबलवर घटक कोणते आणि मद्यार्क किती, हे आधी वाचावे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, तर जिनसारख्या कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मद्यसेवनाचा परवानाही लागतो, हेही लक्षात ठेवावे.

उन्हाळ्यात ती प्यायची कशी?

सर्वांत जुनी जोडी जिन आणि टॉनिकची. टॉनिकचा कडूपणा क्विनीनचा. सिंकोना झाडाच्या सालीतील हे द्रव्य हिवतापावर दिले जाई आणि ब्रिटिश अमलात भारतातील गोऱ्या लोकांनी ते साखर, सोडा, लिंबू आणि जिनमध्ये मिसळून घशाखाली उतरवायला सुरुवात केली. आजच्या टॉनिकमध्ये क्विनीन केवळ चवीपुरते असते. गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जिल्ह्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे. टॉनिकने हिवताप टळत नाही आणि बराही होत नाही. ताप आला तर रक्त तपासून घेणे हाच मार्ग.

ग्लास कसा भरावा, यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला तर पेय लवकर थंड होते आणि बर्फ कमी वितळतो. दोनच खडे टाकले तर ते झटकन विरघळतात आणि पेय पाणचट होते. ३० मिलिलिटर जिनला तिप्पट टॉनिक पुरेसे. टॉनिकमध्ये साखर असते, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी साधा सोडा घ्यावा.

आपल्याकडच्या चवीही जिनला छान जुळतात. कोकणातील कोकम आगळ दोन चमचे, सोडा आणि चिमूटभर जिरेपूड घातली की साखरेची गरज उरत नाही. कैरी भाजून केलेल्या पन्ह्यात गूळ थोडा कमी टाकला तर ज्युनिपरचा वास दबत नाही. नागपुरी संत्र्याची साल ग्लासवर पिळली की सालीतील तेलाचे बारीक तुषार पेयावर पसरतात. रसापेक्षा या तेलानेच वास जास्त येतो. गोव्यात तर काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची ‘उर्राक’ लिंबू-सोडा, मीठ आणि चिरलेल्या हिरव्या मिरचीबरोबर घेण्याची उन्हाळी रीतच आहे. उर्राक काजूच्या हंगामापुरतीच मिळते.

थंडावा दारूचा की लिंबाचा?

वरच्या प्रत्येक ग्लासातून जिन काढून टाका. कोकम-सोडा उरतो, पन्हे उरते, लिंबू-मीठ उरते. तरतरी देणारे सगळे तिथेच असते. उलट मद्यार्कामुळे लघवीचे प्रमाण वाढते आणि शरीरातील पाणी कमी होते. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणाऱ्या जिल्ह्यात भर दुपारी ‘गारव्यासाठी’ जिन घेणे म्हणजे ऊन लागण्याला आमंत्रण. ३० मिलिलिटर जिनमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. घ्यायचीच असेल तर सूर्य मावळल्यावर, पोटात अन्न आणि सोबत पाणी असताना; आणि घेतल्यावर गाडीला हात लावायचा नाही.

जिनही एकेकाळी बदनाम होती का?

होय, आणि कमालीची. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या गरीब वस्त्यांत जिनने हाहाकार माजवला होता. घराघरांत, तळघरांत ती गाळली आणि विकली जाई. चव आणि झणझणीतपणा आणण्यासाठी टर्पेंटाइनसारखे पदार्थही मिसळले जात. १७५१ मध्ये विल्यम होगार्थ या चित्रकाराने ‘जिन लेन’ या चित्रात झिंगलेल्या आईच्या हातून खाली पडणारे मूल दाखवले, ते आजही त्या काळाचे प्रतीक मानले जाते.

सरकारने आधी जवळजवळ बंदीच घातली. १७३६ च्या कायद्याने विक्रीच्या परवान्याला वर्षाला ५० पौंड शुल्क लावले. छोट्या विक्रेत्याच्या आवाक्याबाहेरची ही रक्कम होती. परवाने मोजक्यांनीच घेतले, विक्री चोरीछुपे सुरू राहिली, खबऱ्यांवर हल्ले झाले आणि १७४३ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. १७५१ च्या कायद्याने वेगळी वाट धरली. गाळणाऱ्यांनी केवळ परवानाधारक दुकानदारालाच माल विकायचा, असे बंधन आले. खप उतरला. त्यात धान्य महागल्याचाही वाटा होता, सगळे श्रेय कायद्याला देता येणार नाही. पुढे १८३० मध्ये इनियस कॉफी यांनी सलग चालणाऱ्या ऊर्ध्वपातन यंत्राचे पेटंट घेतले, स्वच्छ मद्यार्क स्वस्तात मिळू लागला आणि वाईट चव झाकण्याची गरज संपली. आजची कोरडी जिन त्यातून आली.

परवाना, जबाबदार विक्रेता आणि शुद्धता या तीन गोष्टींनी जिनचे रूप बदलले. मोहाच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

मोहाची दारू वेगळी कशी?

मोहाच्या वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात. पोलिसांच्या पत्रकांत रोज वाचायला मिळतो तो ‘मोह सडवा’ हाच. तो भांड्यात उकळून वाफ थंड केली की दारू मिळते. जिनमध्ये सुगंध बाहेरून घालावा लागतो, इथे तो फुलातूनच येतो. फुलातील साखरेपासून थेट गाळलेली दारू जगात विरळाच.

धोका फुलात नाही, भट्टीच्या अंधारात आहे. माल तपासायला कोणी नाही, मद्यार्काचे प्रमाण ठाऊक नाही, नशा वाढवायला काय मिसळले याचा पत्ता नाही. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत विषारी दारूने १०० हून अधिक बळी घेतले, ते मिथेनॉलमुळे. तिथे मोहाचा संबंध नव्हता. मात्र ज्या व्यवसायावर कोणाची देखरेख नाही, तिथे काय घडू शकते, हे त्यातून दिसले.

कायदा काय सांगतो?

मोहावरील राग मुळात महसुली आहे. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारी पकड घट्ट केली आणि १८९२ मध्ये मोहफुलांसाठी वेगळा कायदाच आणला. लोक घरी दारू गाळू लागले की अबकारी उत्पन्न बुडणार, ही त्यामागची चिंता. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर नियंत्रण राहिले. राज्य सरकारने २०२१ मध्ये फुलांचे संकलन, वाहतूक आणि साठवणूक यांवरील निर्बंध शिथिल केले. दारू गाळणे मात्र गुन्हाच राहिले. सीमेपलीकडे छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात आदिवासींना घरगुती वापरासाठी ठरावीक मर्यादेत ती गाळण्याची सवलत आहे. मध्य प्रदेशाने तर अलीराजपूर आणि दिंडोरी जिल्ह्यांत आदिवासी स्वयंसहायता गटांमार्फत मोहाची ‘हेरिटेज’ दारू बाटलीबंद करायला सुरुवात केली. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. फेणी गाळणाऱ्याला वारसदार म्हणायचे आणि मोह गाळणाऱ्याला आरोपी, हे पटण्यासारखे नाही.

बंदीच्या बाजूचे म्हणणे चूक आहे का?

अजिबात नाही. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या आंदोलनातून, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे काम केले. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’च्या नेतृत्वाखाली महिला २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनापर्यंत चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेली बंदी त्यांच्या पायपिटीचे फळ होते. नवऱ्याच्या मजुरीचे पैसे गुत्त्यात जातात आणि मार घरी बसतो, हा त्यांचा अनुभव कोणत्याही अबकारी आकडेवारीपेक्षा वजनदार आहे.

पण ती बंदी २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने उठवली. त्यानंतर जिल्ह्यात देशी आली, विदेशी आली, जिनही आली. परत आली नाही ती फक्त मोहाची दारू, म्हणजे ज्या एकाच दारूचा कच्चा माल इथल्या माणसाच्या टोपलीत असतो ती. बाहेरून येणारी दारू विकायला मोकळी आणि जंगलातली मात्र बंद, याला दारूबंदी म्हणत नाहीत.

मग मार्ग काय?

गडचिरोलीतील बंदी तशीच राहावी. प्रयोग व्हायचा तर चंद्रपूर जिल्ह्यात, मोजक्या गावांत व्हावा. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला आहे, तेव्हा भट्टीचा परवानाही ग्रामसभेलाच मिळावा, बाहेरच्या कंपनीला नको. प्रत्येक घाण्याची प्रयोगशाळेत तपासणी, सीलबंद बाटली, त्यावर मद्यार्काचे प्रमाण आणि वर्षाला किती गाळायची याची कमाल मर्यादा असावी. गावात सुटी विक्री नकोच. माल परवानाधारक दुकाने आणि ताडोबाच्या पर्यटकांसाठीची हॉटेले यांनाच जावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निर्णय महिलांचा. दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदानाची सोय आहेच. भट्टीसाठी तिचा क्रम उलटा करावा. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आधी ‘उभी’ म्हटल्याशिवाय परवाना नाही. आणि पुढे कधीही त्यांनी ‘आडवी’ म्हटले तर भट्टी बंद.

यातून गावातले पिणे कमी होईल, असा दावा कोणी करू नये. पण निदान मोहफूल वेचणाऱ्याला कच्च्या मालापलीकडचा भाव मिळेल आणि पिणाऱ्याला आपण काय पितो ते कळेल. सरकारला हे नको असेल, तर त्याने मोहाइतकीच कठोर नजर जिनच्या दुकानावरही ठेवावी. दोन्हींत मद्यार्क तोच आहे.