पुरुषांची दुखणी आणि उपचारांची पारख

आपल्या शेतकरी वर्गात एक विलक्षण विसंगती नेहमी दृष्टीस पडते. बैलाचा खांदा सुजला, तर धनी त्याच दिवशी त्याच्या मानेवरचे जू उतरवितो आणि गुरांच्या डॉक्टरास बोलावणे धाडतो. कपाशीच्या पानावर मावा दिसला, तर चार जाणत्यांस विचारून मगच फवारणीचे ठरवितो. परंतु त्याच धन्याच्या जांघेत गाठ आली, लघवीस त्रास होऊ लागला किंवा संसारसुखात उणेपणा आला, तर ही गोष्ट तो वर्षानुवर्षे घरच्या माणसांपासूनही लपवून ठेवितो. सोसवेनासे झाले म्हणजे मग जो उपाय प्रथम हाती लागेल तो करितो. आणि असा उपाय बहुधा बाजाराच्या गावी भिंतीवर रंगविलेल्या जाहिरातीतला असतो. लाज हेच या जाहिरातवाल्यांचे खरे भांडवल होय. आमचे म्हणणे इतकेच आहे की, ही दुखणी सर्वसामान्य आहेत, त्यांवरचे उपाय माहीत झालेले आहेत, आणि ज्या चोखंदळपणाने आपण बियाणे पारखतो तोच चोखंदळपणा उपचार पारखण्यासही पुरेसा आहे.

प्रथम अंतर्गळ, म्हणजे ज्याला दवाखान्यात हर्निया म्हणतात, तो घेऊ. पोटाच्या खालच्या भिंतीत जी जागा मुळातच कमजोर असते, तेथून आतड्याचा अथवा चरबीचा भाग जांघेत उतरतो. खोकले असता किंवा पोते उचलले असता गाठ दिसते आणि आडवे झाले असता बहुधा मावळते. चार पुरुषांपैकी सुमारे एकास जन्मात केव्हा ना केव्हा हे दुखणे होते. तेव्हा त्यात कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. भिंतीला पडलेले हे भोक कोणत्याही लेपाने, काढ्याने किंवा मालिशीने बुजत नाही. कमरेचा पट्टा गाठ दाबून धरतो, बरी करीत नाही. खरा उपाय शस्त्रक्रियेचा. इटलीतील एदोआर्दो बास्सिनी यांनी १८८७ च्या सुमारास तिची आधुनिक रीत घालून दिली आणि आता बहुधा त्या जागी जाळी बसवून भिंत पक्की करितात.

मग गाठ दिसताच प्रत्येकाने टेबलावर जावे काय? तसेही नाही. ज्यांना गाठ आहे पण त्रास फारसा नाही, अशा पुरुषांची अमेरिकेत तुलना करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी वाट पाहिली त्यांच्यात गाठ एकाएकी अडकण्याचा प्रसंग वर्षाला हजारी दोनांहूनही कमी जणांवर आला. परंतु पुढे दहा वर्षांच्या काळात त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांनी, मुख्यतः दुखणे वाढल्यामुळे, शस्त्रक्रिया करून घेतलीच. यावरून शेतकऱ्याने घ्यावयाचा बोध असा की, गाठ लहान व बिनदुखीची असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सुगी आटोपून, कर्ज न काढता, सवडीने दिवस ठरविता येतो. मात्र गाठ आत जाईनाशी झाली, कठीण झाली, वेदना असह्य होऊन ओकाऱ्या सुरू झाल्या, तर ती चोळू नये, दाबू नये. त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे. तेथे काही तासांचा उशीर आतडे कुजवितो आणि प्राणावर बेततो.

अंडवृद्धीचीही गोष्ट अशीच. विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत डासांनी पसरणाऱ्या हत्तीरोगामुळे अंडकोशात पाणी साचते. सुईने पाणी काढले तर ते बहुधा पुन्हा भरते. कायमचा गुण शस्त्रक्रियेनेच येतो. पण प्रत्येक सूज पाण्याचीच असते असे मानू नये. विशेषतः तरुण मुलाच्या अंडात कठीण, न दुखणारी गाठ लागली, तर ती कर्करोगाची असू शकते. हा कर्करोग वेळीच उपचार झाल्यास बहुतेकांत पूर्ण बरा होतो. म्हणूनच तेथे लाजेने दवडलेला महिना फार महाग पडतो.

पन्नाशी उलटल्यावर दुसरी तक्रार सुरू होते. रात्रीतून तीनचार वेळा उठावे लागते, धार बारीक होते, लघवी होऊनही मोकळे वाटत नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी वयोमानाने वाढते, त्याचा हा परिणाम. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते. ती स्वतः कर्करोग नव्हे. त्रास थोडा असेल तर संध्याकाळनंतर पाणी व चहा कमी करणे आणि लक्ष ठेवणे एवढ्यानेही भागते. त्रास अधिक असेल तर टॅम्सुलोसिनसारखे औषध काही दिवसांतच धार मोकळी करिते, पण एकदम उभे राहिल्यास घेरी आणू शकते. फिनॅस्टेराइड ग्रंथी आकसविते, पण त्यास सहा महिने धीर धरावा लागतो. औषधांनी भागले नाही तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. सर्दीच्या काही गोळ्यांनी अशा माणसाची लघवी अजिबात अडू शकते, हे दुकानातून परस्पर गोळी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच का असेना, तर तपासणी चुकवू नये. कर्करोगासाठी जी पीएसए नावाची रक्ततपासणी सांगतात, तिचा आकडा साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही चढतो. शिवाय उतारवयातील पुष्कळसे असे कर्करोग मंदगतीचे असतात. म्हणून आकडा चढलेला निघाल्यास पुढे काय करावयाचे, हे आधी डॉक्टरांस विचारावे आणि मगच रक्त द्यावे.

तिसरी तक्रार पुरुषत्वाची. हिच्याविषयी मराठीत उघड व शास्त्रीय लिहिण्याचे धाडस र. धों. कर्वे यांनी केले. १९२७ साली सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी, खटले सोसूनही, १९५३ पर्यंत चालविले. तरीही ‘धातू जाण्याची’ भीती आमच्या तरुणांतून गेलेली नाही. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली या भीतीस ‘धात सिंड्रोम’ असे नाव देऊन ती मनाची व्यथा म्हणून वैद्यकापुढे मांडली. झोपेत वीर्य जाणे हा देहाचा स्वाभाविक धर्म आहे. त्याने शक्ती क्षीण होत नाही. प्रौढ वयात मात्र इंद्रिय शिथिल राहू लागले, तर तो पुष्कळदा मधुमेहाचा किंवा हृदयविकाराचा आगाऊ इशारा असतो, कारण तेथील रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक असल्याने आधी चोंदतात. अशा माणसाने रक्तदाब व रक्तातील साखर आधी तपासून घ्यावी, आणि तंबाखू व विडी सोडावी. १९९८ पासून प्रचारात आलेले सिल्डेनाफिल हे औषध बहुतेकांस गुणकारी ठरते. पण हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते घेतल्यास रक्तदाब एकाएकी उतरून जीव जाऊ शकतो. ‘निव्वळ वनस्पतींचे’ म्हणून विकलेल्या काही चूर्णांत हेच औषध गुपचूप मिसळलेले सापडले आहे. म्हणजे गुण आला तर तो चोरून घातलेल्या औषधाचा, आणि धोका मात्र घेणाऱ्याच्या माथी!

अशा जाहिरातींवर कायदा नाही असे नव्हे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा १९५४ सालीच झाला. त्याच्या यादीत अंडवृद्धी, प्रोस्टेटचे विकार, नपुंसकत्व, गुप्तरोग व मधुमेह ही सर्व नावे आहेत. तरीही भिंती रंगतातच, आणि आता त्याच भिंती मोबाईलच्या पडद्यावरही आल्या आहेत. फसलेला मनुष्य फिर्याद करीत नाही, कारण फिर्याद करावयाची तर आजार सांगावा लागतो. तेव्हा केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही. पारख आपणच केली पाहिजे.

ही पारख शेतकऱ्यास नवी नाही, हा आमच्या प्रतिपादनाचा मुख्य मुद्दा आहे. एखादे खत चांगले की वाईट हे एका शेजाऱ्याच्या एका वर्षाच्या पिकावरून ठरत नाही. कदाचित त्याची जमीनच कसदार असेल, कदाचित पाऊसच वेळेवर पडला असेल. म्हणून एकाच शेतात शेजारी शेजारी वाफे पाडून, कोणत्या वाफ्यास खत द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि मग तुलना करावी, ही रीत इंग्लंडातील रोदॅमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात पक्की केली. पुढे हेच तत्त्व वैद्यकात रुजले. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी १९४८ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात कोणत्या रोग्यास औषध द्यावयाचे हे अशाच सोडतीने ठरविले होते. तेव्हा ‘अमक्यास गुण आला’ असे कोणी सांगू लागल्यास, ‘ज्यांनी हे औषध घेतले नाही त्यांचे काय झाले?’ हा प्रश्न कास्तकाराने बिनदिक्कत विचारावा. तो त्याच्याच शेतात वाढलेला आहे.

याच्या जोडीस आणखी काही प्रश्न हवेत. माझ्या रोगाचे नाव काय? उपचार न केल्यास काय होईल, आणि किती काळात? दुसरे मार्ग कोणते, व प्रत्येकाचा नफा-तोटा काय? एकंदर खर्च किती, आणि किती दिवस जड काम बंद? औषधाचे नाव कागदावर लिहून व पैशाची पावती मिळेल काय? ज्या पिशवीवर लेबल नाही ते बियाणे आपण घेत नाही. ज्या पुडीवर नाव नाही ती तोंडात का टाकावी? येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे की, हे प्रश्न केवळ भोंदूंसाठी नव्हेत. पदवीधारकांतही घाई करणारे, न समजाविणारे व अनावश्यक शस्त्रक्रिया सुचविणारे आढळतात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा पहिल्याचा अपमान नव्हे. चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही. मोठा खर्च सांगितला गेल्यास आधी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. आपला उपचार योजनेत बसतो की नाही, हे जमीन गहाण टाकण्यापूर्वी त्यास विचारावे.

शेवटी सोसायट्यांच्या चालकांस एक सूचना. बियाण्यांवर व खतांवर आपण व्याख्याने ठेवितो. वर्षातून एक दिवस जवळच्या सरकारी डॉक्टरांस बोलावून केवळ पुरुषांची सभा भरवावी आणि तेथे चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न विचारू द्यावेत. ग्रामसभेने ठराव करून गावच्या भिंतींवरील अशा जाहिराती पुसून टाकाव्यात. आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी आपले दुखणे आपल्या मुलांस एकदा तरी मोकळेपणाने सांगावे. बाप बोलला तर मुलगा लपविणार नाही. आणि जे दुखणे वेळीच सांगितले गेले, त्याचा उपाय करावयास बहुधा शेत विकावे लागत नाही.