‘अपराजित’ या बिरुदाची झडती

व्यावसायिक मुष्टियुद्धात प्रत्येक योद्ध्याच्या नावापुढे तीन आकडे लिहिण्याची रीत आहे: जिंकलेल्या लढती, हरलेल्या लढती आणि बरोबरीत सुटलेल्या लढती. यांपैकी मधल्या रकान्यात शून्य असले की तो योद्धा ‘अपराजित’ ठरतो, त्याच्या लढतींची तिकिटे महाग होतात आणि त्याची गणना श्रेष्ठांमध्ये होऊ लागते. या शून्याच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद वरवर पाहता भक्कम आहे. माणसांची मते बदलतात, पंचांच्या आवडीनिवडी असतात, प्रेक्षक भावनेच्या भरात वाहून जातात. परंतु आकडा कोणाची भीड धरत नाही आणि जो कधीच हरला नाही त्याच्याहून श्रेष्ठ कोण, हे विचारणाऱ्याला उत्तर देता येत नाही. हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये ४९ पैकी ४९ लढती जिंकून निवृत्त झाला आणि फ्लॉइड मेवेदर २०१७ मध्ये ५० पैकी ५० वर थांबला, हे दाखले या पक्षाच्या मुखी कायम असतात. हे मत सपशेल खोटे नाही, पण ते अपुरे आहे. आणि अकोला-अमरावतीकडची जी मुले-मुली आज हातांना पट्ट्या गुंडाळून सरावाला उभी राहतात, त्यांच्या मनात ते जसेच्या तसे उतरले तर ते अपायकारकही आहे.

शून्य कसे तयार होते हे समजून घेण्यासाठी वऱ्हाडातल्या वाचकाला परदेशात जाण्याची गरज नाही, कारण कुस्तीतला ‘जोड’ हा शब्द त्याला ठाऊक आहे. यात्रेतल्या दंगलीत दोन मल्ल आखाड्यात उतरले की जाणती मंडळी त्यांना शेजारी शेजारी उभे करतात, खांदे, मान, मांड्या न्याहाळतात, वयाचा अंदाज घेतात, आणि एक जण अंगाने उघडच उजवा दिसला तर भोवतीच्या गर्दीतूनच ‘जोड जमत नाही’ अशी ओरड होते. अशी विजोड कुस्ती लागलीच तर जिंकणाऱ्याचे कौतुक कोणी करीत नाही, कारण निकाल आखाड्यात लागण्यापूर्वी जोड लावतानाच लागला, हे सगळ्यांना दिसलेले असते. व्यावसायिक मुष्टियुद्धात मात्र जोड लावण्याचे काम बहुधा त्या प्रवर्तकाकडे असते, ज्याने दोघांपैकी एकाच्या भवितव्यात पैसा गुंतवलेला असतो. प्रवर्तक म्हणजे लढती भरवणारा व्यापारी. उगवत्या योद्ध्याच्या पहिल्या दहा-पंधरा लढती कोणाशी, कोठे आणि किती फेऱ्यांच्या व्हाव्यात हे तो ठरवतो, आणि त्याच्या हिताच्या दृष्टीने त्या लढतींचा निकाल आधीच कळण्याजोगा असणे सोयीचे असते.

या सोयीसाठी एक वेगळाच वर्ग अस्तित्वात आला आहे, त्याला ‘जर्नीमन’ म्हणतात. गावोगाव जाऊन, बहुतेक वेळा अगदी थोड्या दिवसांच्या सूचनेवर रिंगणात उतरणारा, स्वतःला फार मार बसू न देता सगळ्या फेऱ्या पुऱ्या करणारा आणि गुणांवर हरून मानधन घेऊन घरी परतणारा अनुभवी योद्धा, असा त्याचा अर्थ आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा पीटर बकली २००८ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खात्यात बरोबर ३०० लढती होत्या, त्यांपैकी २५६ त्याने हरलेल्या होत्या. पुढे जगज्जेता झालेल्या नसीम हमीदच्या उमेदवारीच्या काळातल्या दोन विजयांतही समोर हाच बकली होता. बकलीचा अवमान करण्याचे काही कारण नाही. तो कसबी माणूस होता आणि त्याच्यासारख्यांकडूनच नवखे योद्धे हा धंदा शिकतात. परंतु कित्येक तरुणांच्या नावापुढची शून्ये अशा माणसांच्या पराभवांतून उभी राहिली आहेत, ही गोष्ट शून्य पाहून दिपणाऱ्याने विसरता कामा नये.

आकडा कोणाची भीड धरत नाही, हे विधानही तपासून पाहावे लागते. मेक्सिकोचा हुलिओ सेसार चावेस हा निःसंशय थोर योद्धा; पण १९८१ मध्ये कुलियाकान या त्याच्या स्वतःच्या शहरात मिगेल रुइसविरुद्धच्या लढतीत घंटा झाल्यावर ठोसा मारल्याबद्दल तो प्रथम बाद ठरला होता, आणि स्थानिक मुष्टियुद्ध आयोगाने तो निर्णय दुसऱ्या दिवशी फिरवून विजय त्याच्या पदरात टाकला. त्या आयोगात चावेसचा व्यवस्थापकच सदस्य होता. पुढे १९९३ मध्ये सॅन अँटोनियो येथे पर्नेल व्हिटेकरविरुद्धची त्याची लढत बरोबरीत सोडवली गेली, तेव्हा पाहणाऱ्या बहुतेकांच्या मते व्हिटेकर स्पष्टपणे जिंकला होता. जानेवारी १९९४ मध्ये फ्रँकी रँडलने चावेसला हरवले तो त्याचा कागदोपत्री पहिला पराभव. म्हणजे जवळजवळ तेरा वर्षे टिकलेले ते शून्य एका सभेतल्या निर्णयाने वाचलेले होते.

हौशी आणि व्यावसायिक लढतींच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या जातात, हाही या हिशेबातला एक आडपडदा आहे. हौशी मुष्टियुद्ध म्हणजे ऑलिम्पिक, राष्ट्रीय वा शालेय स्पर्धांतले, जेथे लढतीचे मानधन नसते. तेथले पराभव व्यावसायिक खात्यात धरले जात नाहीत. त्यामुळे मार्सियानो १९४८ मध्ये हौशी स्पर्धेत कोली वॉलेसकडून हरला आणि मेवेदर १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या उपांत्य लढतीत बल्गेरियाच्या सेराफिम तोदोरोवकडून वादग्रस्त निर्णयाने हरला, तरी दोघे ‘कधीच न हरलेले’ म्हणून ओळखले जातात. मेवेदरचा पन्नासावा विजय तर कॉनर मॅकग्रेगरवरचा होता, जो दुसऱ्या क्रीडाप्रकारातून आला होता आणि ज्याची ती पहिलीच व्यावसायिक मुष्टियुद्ध लढत होती.

मराठी वाचकाच्या सर्वांत जवळ घडलेले उदाहरण विजेंदर सिंगचे आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये भारताला मुष्टियुद्धातले पहिले पदक मिळवून देणारा हा योद्धा १० ऑक्टोबर २०१५ रोजी मँचेस्टरमध्ये व्यावसायिक झाला आणि त्याने ओळीने १२ लढती जिंकल्या. त्यांपैकी एक ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळी येथे झाली. प्रत्येक विजयानंतर त्याच्या अपराजित असण्याचा गजर वाढत गेला, परंतु समोर कोण होते याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली. बाराव्या लढतीतला त्याचा प्रतिस्पर्धी चार्ल्स अदामू ४२ वर्षांचा होता. त्यानंतर सोळा महिने विजेंदर रिंगणात उतरलाच नाही, आणि १९ मार्च २०२१ रोजी पणजीला मांडवी नदीतल्या एका कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर बांधलेल्या रिंगणात तो रशियाच्या आर्तिश लोपसानसमोर उभा राहिला. लोपसान सहा फूट चार इंच उंच, वयाने नऊ-एक वर्षांनी लहान, आणि त्याच्या नावावर अवघ्या सहा लढती, त्यातही एक पराभव आणि एक बरोबरी. कागद पाहून जोड लावणाऱ्याने हा सोपा गडी मानला असता. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. योद्धा पुढे स्वतःचा बचाव करू शकणार नाही असे दिसल्यावर पंच असे करतात, त्याला तांत्रिक नॉकआउट म्हणतात. विजेंदरच्या १२ विजयांपुढचे ते शून्य सहा लढतींच्या नवख्याने पुसून टाकले. यात विजेंदरच्या कर्तृत्वाला उणेपणा येत नाही. बीजिंगच्या उपांत्य फेरीत तो क्यूबाच्या एमिलिओ कोरेआकडून हरला होता, आणि त्या पराभवासह मिळालेले कांस्यपदक त्याच्या बारा व्यावसायिक विजयांहून कितीतरी मोलाचे आहे, कारण तेथे प्रतिस्पर्धी कोणी निवडून दिलेला नव्हता.

येथे प्रतिपक्ष म्हणेल की मग सगळीच शून्ये पोकळ ठरतात काय? तसे नाही. युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने २०१६ ते २०१८ या काळात ग्डान्स्कमध्ये पोलंडच्या, बर्लिनमध्ये जर्मनीच्या, रीगामध्ये लाटव्हियाच्या, मॉस्कोत रशियाच्या आणि मँचेस्टरमध्ये इंग्लंडच्या योद्ध्याला, म्हणजे ज्याला त्याला त्याच्याच देशात, त्याच्याच गर्दीसमोर हरवले आणि २०२१ मध्ये लंडनला जाऊन अँथनी जोशुआला हरवले. दुसऱ्याच्या आखाड्यात जाऊन कुस्ती मारणे म्हणजे काय, हे वऱ्हाडात समजावून सांगावे लागत नाही. गामा पहिलवानाची कीर्तीही याच वाटेने आली: १९१० मध्ये तो लंडनला गेला आणि झबिस्को या मल्लाशी त्याची कुस्ती जवळजवळ तीन तास चालूनही निकाली ठरली नाही, तरी तिने त्याच्या नावाला बट्टा लावला नाही, १९२८ मध्ये पतियाळ्यात त्याच झबिस्कोला त्याने मिनिटाच्या आत चीत केले. शून्याला मोल येते ते त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसांमुळे, आणि म्हणून समोरच्यांची नावे न सांगता शून्य सांगणे ही अर्धी माहिती आहे.

त्याहीपुढे जाऊन सांगण्यासारखी गोष्ट अशी की या खेळाच्या जाणकारांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्याला सर्वश्रेष्ठ मानले तो शुगर रे रॉबिन्सन अपराजित नव्हता. सुमारे २०० लढतींत त्याचे १९ पराभव आहेत. ५ फेब्रुवारी १९४३ रोजी जेक लामोटाने त्याला पहिल्यांदा हरवले, तेव्हा त्याच्या खात्यात सलग ४० विजय होते. आणि तीनच आठवड्यांनी, २६ फेब्रुवारीला, तो त्याच लामोटासमोर पुन्हा उभा राहिला आणि जिंकला. शून्य जपणाऱ्याने हे धाडस केले नसते. पुढे आठ वर्षे त्याला कोणी हरवू शकले नाही. जुलै १९५१ मध्ये लंडनला रँडॉल्फ टर्पिनने हरवले आणि सप्टेंबरमध्ये रॉबिन्सनने त्याच्याकडून जगज्जेतेपद परत घेतले. मुहम्मद अली आणि जो फ्रेझर ८ मार्च १९७१ रोजी भिडले तेव्हा दोघेही अपराजित होते. त्या रात्री अलीचे शून्य गेले, आणि अलीचे जे मोठेपण आज आठवले जाते त्याचा फार मोठा भाग त्यानंतरचा आहे.

हा वाद वऱ्हाडात मांडण्याचे कारण अकोला हे आहे. अकोल्यात वसंत देसाई क्रीडांगणावर राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत मुष्टियुद्धाचे प्रशिक्षण दिले जाते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासून शरीरशिक्षणाचे काम करीत आले आहे आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकाने परक्या भूमीवर जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. या प्रदेशाची परंपरा समोरच्या मैदानात उतरण्याची आहे. येथील मुले-मुली ज्या हौशी स्पर्धांत उतरतात, तेथे जोड चिठ्ठ्यांनी पडते आणि स्पर्धा बाद पद्धतीची असते. एका वजनगटात १६ जण उतरले तर १५ लढती होतात आणि १५ जण हरतात; पहिल्याच फेरीत राज्यविजेता समोर येऊ शकतो. अशा ठिकाणी पराभव हा शिक्षणाचाच भाग असतो, आणि मोबाइलवर परदेशी योद्ध्यांची शून्ये पाहून जे मूल हरण्याला कलंक मानू लागते, ते एक तर स्पर्धा टाळते किंवा पहिल्या पराभवानंतर ग्लोव्ह्‌ज खुंटीला टांगते.

म्हणून पालकांनी आणि मार्गदर्शकांनी जिल्ह्यातल्या सोप्या विजयांची यादी लांबवण्यापेक्षा मुलांना आपल्याहून तयारीच्या प्रतिस्पर्ध्यांसमोर उभे करावे, आणि हरून आलेल्या मुलाला किती लढती हरला असे न विचारता कोणाशी लढला असे विचारावे. वृत्तपत्रांनीही कोणाला ‘अपराजित’ लिहिताना त्याने हरवलेल्यांची नावे त्याच बातमीत द्यावीत. गोव्यातल्या पराभवानंतर सतरा महिन्यांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, विजेंदर रायपूरला पुन्हा रिंगणात उतरला. समोर घानाचा एलियासू सुली होता, जो तोवर एकही लढत हरला नव्हता, आणि विजेंदरने त्याला दुसऱ्या फेरीत नॉकआउट केले.