एकच यंत्र, चार जातींची अंडी

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या ठिकाणी दोन-तीनशे अंड्यांचे उबवणी यंत्र चालवायचे, तर ते एकाच जातीच्या अंड्यांनी भरेपर्यंत थांबून चालत नाही. गावरान कोंबडीची अंडी थोडी मिळतात, बदकाची त्याहून थोडी. कुणी टर्की पाळतो, कुणी बटेर. साठवलेल्या अंड्यांची उबवणक्षमता आठवड्यानंतर घसरू लागते, त्यामुळे हाताशी येतील ती अंडी एकत्र लावली जातात. ‘असे करूच नका’ हा मोठ्या हॅचरीतला सल्ला छोट्या उबवणीदाराच्या कामाचा नाही. आमचे मत असे की, अंडी फिरवत उबवणाऱ्या सेटरमध्ये या जाती एकत्र राहू शकतात. मात्र त्या कोणत्या तारखेला फुटणार, हे अंडी लावण्याआधी ठरलेले हवे. ते ठरले नसेल, तर यंत्र कितीही महागाचे असो, नुकसान होणारच.

एकत्र उबवण जमते, कारण उष्णतेची गरज जवळपास सारखी आहे. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ ते १०० फॅरनहाइट, एवढ्यावर कोंबडी, बदक, टर्की, गिनी फाउल आणि बटेर या सगळ्यांची वाढ होते. केरळच्या कुट्टनाडात बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवण्याची रीत जुनी आहे. कोंबडीच्या अंगाची ऊब बदकाच्या पिल्लालाही पुरते. फरक पडतो तो दिवसांचा. बटेर १७ ते १८ दिवस, कोंबडी २१, बदक, टर्की व गिनी फाउल २६ ते २८, आणि मस्कोव्ही बदक तब्बल ३५ दिवस घेते.

सगळी अंडी एकाच दिवशी लावली, की बटेराची पिल्ले फुटताना कोंबडीची अंडी फिरवण्याच्या अवस्थेत असतात आणि बदकाची तर नुकतीच मध्याच्या पुढे गेलेली. बटेरासाठी आर्द्रता वाढवावी तर बदकाच्या अंड्यातले पाणी उडायचे राहते. ट्रे फिरता ठेवावा तर बटेराची पिल्ले त्यात चिरडतात. शिवाय ओल्या पिसांची धूळ आणि फुटक्या कवचावरचे जंतू पंख्याच्या वाऱ्याने उरलेल्या अंड्यांवर बसतात. म्हणून हिशेब उलटा करायचा. समजा २९ तारखेला पिल्ले हवी आहेत. बदक व टर्कीची अंडी १ तारखेला लावा, कोंबडीची ८ तारखेला, बटेराची ११ किंवा १२ तारखेला. मग २६ तारखेला सगळ्यांचेच फिरवणे थांबवता येते, कारण त्या दिवशी बदकाचे २५, कोंबडीचे १८ आणि बटेराचे १४-१५ दिवस भरलेले असतात. तिथून पुढे आर्द्रता ६५ ते ७० टक्के ठेवा आणि दार उघडू नका. ज्याच्याकडे पिल्ले फुटण्यासाठी वेगळा हॅचर आहे, मग तो थर्माकोलच्या पेटीचा का असेना, त्याला ही तारखांची कसरत लागत नाही. दुसऱ्या मोठ्या सेटरवर पैसे घालण्याआधी एक छोटा हॅचर घ्या, असे आम्ही आग्रहाने सांगू.

फुटण्याच्या वेळी एका जातीची अंडी एकमेकांना चिकटून ठेवावीत, यालाही कारण आहे. १९६० च्या दशकात मार्गारेट व्हिन्स यांनी बटेरवर्गीय पक्ष्यांच्या अंड्यांवर प्रयोग केले. कवचाआडची पिल्ले टकटक आवाज करतात, त्यावरून शेजारची मागे पडलेली अंडीही लवकर फुटतात, असे त्यांना दिसले. ट्रेमध्ये चार जाती विखुरल्या तर हा फायदा जातो.

पंखा नसलेल्या पेटीत आणखी एक खोच आहे. तिथे वरची हवा गरम आणि खालची थंड असते, म्हणून तापमान अंड्याच्या माथ्याशी मोजतात आणि ३८.३ ते ३८.९ अंश ठेवतात. पण टर्कीचे अंडे ८० ग्रॅमच्या आसपास, बटेराचे १० ते १२ ग्रॅम. थर्मामीटर टर्कीच्या माथ्याला लावला, तर बटेराचे अंडे त्याच्या खाली, थंडीत राहते आणि दोन दिवस उशिरा फुटते, किंवा फुटतच नाही. बटेराचा ट्रे पुठ्ठा किंवा जाळी घालून वर उचला. कोंबडीच्या ट्रेमध्ये बटेराची अंडी तशीच टाकली तर फिरवताना आपटून तडे जातात, हेही लक्षात असू द्या.

आर्द्रतेबाबत वाद फार होतात. तो वाद हायग्रोमीटरपेक्षा वजनकाट्यावर लवकर मिटतो. हॅचरमध्ये जाईपर्यंत अंड्याचे वजन साधारण १२ ते १३ टक्के घटायला हवे. बदकाची वीस अंडी लावताना १४०० ग्रॅम भरली, तर २५ व्या दिवशी ती १२२५ ग्रॅमच्या जवळपास असावीत. जास्त भरली तर पाण्याचे भांडे लहान करा, कमी भरली तर मोठे. एकत्र उबवणीत ५० ते ५५ टक्के आर्द्रता बहुतेकांना चालते. बदकाच्या अंड्यांवर कोमट पाणी शिंपडायचे असेल, तर ट्रे बाहेर काढून शिंपडा.

धुरीकरणाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. बदकाची अंडी मातीत, ओल्यात घातलेली असतात; त्यातले एखादे नासून यंत्रात फुटले, तर सगळ्या जातींना भोगावे लागते. पण उबवणीच्या २४ ते ९६ तासांच्या दरम्यान अंड्याला फॉर्मलीनची धुरी दिली, तर भ्रूण मरतो. वेगवेगळ्या तारखांना अंडी लावली, की कोणता ना कोणता गट याच काळात सापडण्याची भीती असते. त्यामुळे चालू यंत्रात धुरी देऊच नये. अंडी लावण्याआधी वेगळ्या बंद पेटीत द्यावी. १०० घनफुटांना ४० मिलिलिटर फॉर्मलीन व २० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट ही एकपट मात्रा; उबवणीच्या अंड्यांना तिप्पट मात्रा २० मिनिटे देतात. मातीच्या किंवा इनॅमलच्या भांड्यात आधी परमँगनेट घ्या आणि त्यावर फॉर्मलीन ओता. क्रम कधीही उलटा करू नका आणि तो धूर स्वतःच्या नाकात जाऊ देऊ नका.

आता आपल्या उन्हाळ्याकडे येऊ. एप्रिल-मेमध्ये यवतमाळात पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो. छोट्या यंत्राला हवा तापवता येते, थंड करता येत नाही. खोलीच ४१ अंशांवर असेल, तर हीटर बंद होऊनही आतले तापमान उतरत नाही. त्यात मोठी अंडी शेवटच्या आठवड्यात स्वतः उष्णता सोडतात; भरल्या दिवसांच्या बदकाच्या ट्रेशेजारची अंडी त्या झळीत सापडतात. साठवणीतही तोच घोळ. अंडी १५ ते १८ अंशांवर ठेवायची असतात, ती ३५ अंशांच्या खोलीत राहिली तर भ्रूण अर्धवट वाढू लागतो आणि यंत्रात जाण्याआधीच दगावतो. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने डेझर्ट कूलर चांगला चालतो, आर्द्रताही वाढवतो. ज्याच्याकडे कूलर आणि वीज गेल्यावर पंखा चालवणारा इन्व्हर्टर नाही, त्याने मे महिन्यात मिश्र उबवण घेऊ नये. गिऱ्हाईक परत पाठवावे लागले तरी चालेल. त्याची अंडी वाया घालवण्यापेक्षा ते बरे.

शेतात सापडलेली तितराची, रानलाव्याची किंवा लांडोरीची अंडी कुणी घेऊन आला, तर साफ नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अशा पक्ष्यांची अंडी उचलणे हीदेखील शिकार ठरते.

पिल्ले बाहेर आल्यावर एकत्रपणा तिथेच संपवा. बदकाची पिल्ले भुसा ओला करतात, त्या ओलीत बुरशी वाढते. बटेराचे सात-आठ ग्रॅमचे पिल्लू मोठ्यांच्या पायाखाली जाते आणि उघड्या पाण्याच्या भांड्यात बुडते. कोंबड्यांना फारसा त्रास न देणारा ब्लॅकहेड रोग टर्कीचा जीव घेतो. प्रत्येक जातीला स्वतंत्र ब्रूडर हवा.

शेवटी नोंदींविषयी. ‘यंत्रातून ७० टक्के निघाली’ या आकड्याला मिश्र उबवणीत काही अर्थ नाही. कोंबडीची ८५ टक्के फुटली आणि बदकाची निम्मीच, हे त्या सरासरीत लपून जाते आणि बदक पाळणाऱ्याला आपले नुकसान कशाने झाले ते कधीच कळत नाही. प्रत्येक जातीची लावलेली, कॅंडलिंगमध्ये (उजेडावर तपासताना) फलित दिसलेली आणि फुटलेली अंडी वेगळी लिहा. न फुटलेले प्रत्येक अंडे फोडून भ्रूण कोणत्या दिवसापर्यंत वाढला होता तेही लिहा. या हंगामातल्या अशा जातवार नोंदी, यंत्र पंख्याचे की बिनपंख्याचे या माहितीसह, आमच्याकडे पाठवा. त्या आम्ही पुढील अंकांत छापू.