जुना लॅपटॉप रुसला तर...

मैत्रिणींनो, चैत्र-वैशाखात आमच्या नाशकात गच्चीगच्चीवर नागलीचे पापड वाळत असतात. आमच्या बचत गटाचा हिशेब मात्र असतो एका जुन्या लॅपटॉपात. कुणी किती पीठ नेलं, किती पापड दिले, कुणाची मजुरी राहिली, असा बारा जणींचा पै-पैचा हिशेब. यंदा ऐन हंगामात एका सकाळी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पण पडदा काळाच!

"तरी मी म्हणत होते, फुकटच्या वस्तूचं असंच व्हायचं," वन्सं म्हणाल्या. फुकटची वस्तू म्हणजे लिनक्स. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या थांबल्या. आमचं २०१४ सालचं यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसेना, म्हणून भाच्यानं त्यावर लिनक्स मिंट घालून दिलं. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. आज जगभरची माणसं मिळून तो सांभाळतात आणि आपल्याला तो विनामूल्य मिळतो.

दुकानात नेलं, तर न उघडताच निकाल मिळाला, "मदरबोर्ड गेला. नवाच घ्या." हंगामाची सारी कमाई त्यातच गेली असती. शेवटी भाच्याला फोन लावला. त्यानं विचारलं, "मावशी, कंपनीचं नाव तरी पडद्यावर येतं का?" नाही म्हटल्यावर तो हसला. लिनक्सची पाळी त्यानंतर येते म्हणे! स्वयंपाकीण अजून घरातच आलेली नाही आणि आपण आमटी खारट झाली म्हणून तिला बोल लावतो आहोत, त्यातली गत. तेव्हा दोष यंत्रातच शोधायचा. त्यानं सांगितलेला क्रम तुम्हीही लिहून ठेवा.

१. आधी चार्जर काढावा, बॅटरी काढावी आणि चालू करण्याचं बटण तीस सेकंद दाबून धरावं. आत साठलेली वीज निघून जाते. मग नुसत्या चार्जरवर चालू करून पाहावं. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं.

२. पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. पुसट चित्र दिसलं, तर फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. टीव्हीला जोडूनही खात्री करता येते. टीव्हीवर चित्र आलं, तर यंत्र जिवंत आहे, समजा.

३. टीं-टीं आवाज येत असेल किंवा एखादा दिवा सारखा लुकलुकत असेल, तर रॅमचा संशय घ्यावा. बॅटरी काढून, स्टीलच्या पिंपाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. खालचं झाकण उघडलं की रॅमची पट्टी दिसते. दोन्ही बाजूंच्या चिमट्या हलकेच बाहेर सारल्या की ती तिरकी वर येते. तिची सोनेरी कड मुलांच्या पांढऱ्या खोडरबरानं हळुवार घासावी, कीस ब्रशनं झटकावा आणि पट्टी तिरकीच बसवून खाली दाबावी. ओलं फडकं लावू नये. बॅटरी काढता येण्यासारखी नसेल, तर हे काम जाणकाराकडेच द्यावं.

आमचं दुखणं नेमकं हेच निघालं! पट्टी घासून बसवली आणि कंपनीचं नाव झळकलं. सगळ्या जणी आरतीला उभ्या असाव्यात तशा पडद्यापुढे उभ्या होत्या, वन्संसुद्धा.

आता बाकीच्या कुरबुरी. तारीख रोज मागे जात असेल, तर आतला नाण्याएवढा सेल संपला आहे. तारीख चुकली की बँकेची पानंही उघडत नाहीत, हे ध्यानात असू द्या. उन्हाळ्यात यंत्र तापून आपोआप बंद पडत असेल, तर पंख्यात धूळ साठली असेल. पाती काडीनं धरून मऊ ब्रशनं झाडावी, आणि लॅपटॉप गादीवर कधीच ठेवू नये. वाय-फाय किंवा आवाज बंद झाला, तर ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स घातलं, त्यावरूनच यंत्र चालवून पाहावं. तिथं सगळं ठीक चाललं, तर घोटाळा बहुधा सेटिंगचा. डिस्क टक्‌-टक्‌ वाजू लागली, तर दुरुस्तीचा विचार नंतर, आधी कागदपत्रांची नक्कल करावी. मिंटमधल्या 'डिस्क्स'मध्ये 'स्मार्ट' माहिती पाहिली की डिस्कची प्रकृती कळते.

आणि हो, बॅटरी फुगली असेल, तर ती टोचू नये, दाबू नये, वापरूही नये. घरच्या कचऱ्यातही टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

एक चूक मात्र माझीच, ती कबूल करते. बारा घरांचा हिशेब एकाच ठिकाणी होता. डिस्कच गेली असती, तर कुणाला कोणत्या तोंडानं सांगितलं असतं? आता दर शनिवारी पेनड्राइव्हवर नक्कल होते, शिवाय मजुरीची बाकी वहीतही लिहिली जाते. वही वन्संनी आपण होऊन आपल्याकडे घेतली आहे.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यापूर्वी धान्य कसं भरावं, ते पाहू.